शिळेवरील शिवी

शिवी हा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत यावा काय, असा प्रश्न हें शीर्षक पाहतांच आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील. प्रश्न अगदीं रास्त आहे. अपशब्द कानांवर पडला तर तो ऐकलाच नाहीं असें दाखवावें, ही शिकवण आपणां सर्वांस लहानपणींच मिळालेली असते. परंतु जी गोष्ट रस्त्यांत, आगगाडींत, बाजारांत आणि कित्येक सभ्य म्हणविणाऱ्या घरांतही नित्य ऐकूं येते, जिच्यासाठीं स्मृतिकारांनीं स्वतंत्र प्रकरणें लिहिलीं, आणि जी एका राजानें आपल्या दानशासनाच्या शेवटीं दगडावर कोरविली, तिचा इतिहास पाहण्यास संकोच बाळगण्याचें कारण नाहीं, असें आम्हांस वाटतें. शब्द मात्र आम्ही शक्य तितके पडद्याआड ठेवूं. कारण शिव्यांचा संग्रह करणें हें आमचें प्रयोजन नसून, शिवी कोण देतो व ती अखेर कोणास लागते, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, मीरा-भाईंदर हें शहर वसलें आहे. जेथें पूर्वीं मिठागरें व भातखाचरें होतीं, तेथें १९८५ मध्यें नगरपरिषद आली, २००२ मध्यें महानगरपालिका झाली, आणि आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. त्याच शहरांत, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेस, बेव्हर्ली पार्क नांवाची वसाहत आहे. नांव सातासमुद्रांपलीकडचें, आणि राहणारे चहूं प्रांतांतले. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी अशा अनेक बोली या भागांत एकाच जिन्यावर ऐकूं येतात. अशा ठिकाणीं लहान मूल शेजाऱ्याच्या भाषेंतले जे पहिले दहा-वीस शब्द उचलतें, त्यांत दोनचार शिव्या हटकून असतात. व्याकरण येण्यापूर्वीं शिवी येते. गाडी उभी करण्याची जागा, टांकीचें पाणी, वरच्या मजल्यावरून पडणारा केर, एवढीं कारणें भांडणास पुरेशीं होतात. आणि भांडण मोटारीवरून सुरू झालें तरी तें दोन वाक्यांत प्रतिपक्षाच्या आईपर्यंत जाऊन पोंचतें. जिचा त्या मोटारीशीं कांहीं संबंध नाहीं, जी कदाचित् शेंकडों कोसांवरील आपल्या गांवीं सुखानें बसली असेल, ती बिचारी या भांडणांत ओढली जाते. हा प्रवास इतका सरावाचा झाला आहे कीं, त्यांत कांहीं चमत्कारिक आहे असें कोणास वाटतही नाहीं. परंतु ज्या साष्टी बेटाच्या मातींत या इमारतींचे पाये गेले आहेत, त्या साष्टीच्या जमिनीचा आणि मातेच्या नांवानें दिलेल्या शिवीचा संबंध आठशें वर्षांहूनही जुना आहे.

उत्तर कोंकणांत शिलाहार राजांचें राज्य असतांना, शके ११०८ मध्यें, म्हणजे इ. स. ११८७ च्या आरंभीं, अपरादित्य राजानें एक दान दिलें. त्याचा शिलालेख मुंबईंत परळ येथें सांपडला. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश. याच नांवाचें पुढें साष्टी झालें. त्या षट्षष्टींतील महावली नांवाच्या गांवीं अनंतपै प्रभु याची एक वाडी होती. तिच्यावरील इतर कर माफ करून, तिच्या ठरीव उत्पन्नांतले चोवीस द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पंचोपचार पूजेसाठीं लावून दिले, असा त्या लेखाचा आशय आहे. लिहिणारा वालिग पंडित नांवाचा कायस्थ. येथवर सर्व कांहीं अशा लेखांच्या रीतीप्रमाणें आहे: राजाचें नांव, शक, संवत्सर, दानाचा तपशील, आणि भाषा संस्कृत. शेवटीं मात्र लेख एकाएकीं मराठींत उतरतो. जो कोणी हें शासन मोडील, त्याच्यावर व त्याच्या कुटुंबावर वैद्यनाथाच्या नांवानें अरिष्ट चिंतिलें आहे. आणि तेवढ्यानें समाधान न होऊन, त्याच्या मातेचा गर्दभाशीं संबंध घडो, अशी आज्ञा अत्यंत उघड्या शब्दांत दिली आहे. तें वाक्य या पृष्ठावर उतरवून घेणें आम्हांस शक्य नाहीं. जें राजानें देवाच्या दानासाठीं दगडावर कोरविलें, तें आज एका साध्या मासिकास छापतां येत नाहीं, यावरूनच मधल्या काळांत सभ्यतेच्या कल्पना किती पालटल्या हें ध्यानांत येईल.

अशा दगडास गधेगाळ म्हणतात. गाळ किंवा गाळी म्हणजे शिवी. आपण ज्यास शिवीगाळ म्हणतों त्यांतील उत्तरार्ध तोच. वीरगळ या शब्दाच्या धर्तीवर कित्येक जण गधेगळ असेंही लिहितात. वीरगळांतील ‘गळ’ मात्र कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दापासून आलेला मानितात. गधेगाळीची घडण बहुधा ठराविक असते. वरच्या भागीं सूर्य व चंद्र, कांहीं ठिकाणीं मधोमध कलश, त्याखालीं लेख, आणि सर्वांत खालीं, लेखांत सांगितलेल्या त्या शिक्षेचें चित्र. सूर्यचंद्रांचा अर्थ असा कीं, ते आकाशांत आहेत तोंवर हें दान चालावें. लेख वाचणाऱ्यांसाठीं, आणि चित्र न वाचणाऱ्यांसाठीं. कित्येक दगडांवर तर लेख मुळींच नाहीं, चित्र तेवढें आहे. असे दगड कोंकणांत विपुल सांपडले असून महाराष्ट्राच्या इतर भागांत, गोमंतकांत, गुजराथेंत व कर्नाटकांतही आढळतात. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागानें साष्टी बेटाची जी पाहणी केली, तींतही असे दगड नोंदले गेले. गांवकऱ्यांस त्यांचा मूळ अर्थ बहुधा विसरला आहे. कोठें ते अशुभ समजून पालथे घातलेले असतात, तर कोठें त्यांस शेंदूर लावून देव म्हणून पुजलें जातें. शिवीचा देव व्हावा, ही काळाची थट्टा खरी; पण या थट्टेच्या मुळाशीं भय आहे, आणि भय उत्पन्न करणें हाच त्या दगडाचा हेतु होता.

येथें दोन प्रश्न उद्भवतात. पहिला असा कीं, संस्कृत लेखाच्या शेवटीं मराठी कां? याचें उत्तर फारसें कठीण नाहीं. राजाची कीर्ति पुढील राजांनीं व पंडितांनीं वाचावी, म्हणून ती संस्कृतांत; परंतु वाडीचें उत्पन्न बुडविणारा जो असेल तो पंडित नसून गांवचाच कोणी बळकट मनुष्य असणार. धाक त्यास घालावयाचा, म्हणून तो त्याच्या बोलींत. ताम्रपटांतील जे संस्कृत शाप आहेत, त्यांत भूमि हरण करणारा साठ हजार वर्षें विष्ठेंतील कृमि होतो असें सांगितलें आहे. हा शाप भयंकर खरा, पण तो पुढील जन्मीं फळणारा. आणि पुढील जन्माची उधारी मनुष्य सहज पत्करतो. मराठी शिवी याच जन्मीं, चारचौघांत, ऐकतां क्षणीं झोंबते. आपल्या भाषेच्या अगदीं आरंभींच्या कोरीव वाक्यांत एक वाक्य अशा प्रकारचें असावें याचें कोणास वाईट वाटेल. परंतु यावरून एक गोष्ट सिद्ध होते ती ही कीं, त्या काळीं लोकांच्या हृदयापर्यंत खात्रीनें जाऊन पोंचणारी भाषा मराठीच होती.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: राजानें शिवी कां द्यावी? त्याच्यापाशीं सैन्य होतें, दंडनायक होते. शिवी हें तर दुर्बळाचें शस्त्र असें आपण समजतों. हा प्रश्न विशेष टोंचतो तो आणखी एका कारणानें. आपल्या प्राचीन राजनीतींत वाणीनें केलेला अपराध हा एक स्वतंत्र गुन्हा मानिला असून त्यास वाक्पारुष्य अशी संज्ञा आहे. कौटिल्यानें त्याचे निंदा, कुत्सा व धाकदपटशा असे प्रकार सांगून, शरीर, स्वभाव, विद्या, धंदा आणि देश या पांच गोष्टींवरून मनुष्याचा अपमान होतो असें म्हटलें आहे. काण्या मनुष्यास ‘काय सुंदर डोळे!’ असें म्हणून केलेली खोटी स्तुति देखील त्यानें दंडास पात्र ठरविली. परप्रांतीयास त्याच्या प्रांताच्या नांवानें हिणविणें हा गुन्हा आहे, हें दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत वाचून आजच्या नागरिकांनीं अंतर्मुख व्हावें. नारदस्मृतींत निष्ठुर, अश्लील व तीव्र असे तीन भेद आहेत. कठोर शब्दांनीं धिक्कारणें तें निष्ठुर, असभ्य बोलणें तें अश्लील, आणि महापातकाचा आरोप करणें तें तीव्र. आणि याज्ञवल्क्यस्मृतींत, दुसऱ्याच्या मातेच्या किंवा बहिणीच्या नांवानें जो अश्लील शिवी देईल त्यास राजानें पंचवीस पण दंड करावा, असें स्पष्ट वचन आहे.

आतां या याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘अपरार्क’ या नांवानें प्रसिद्ध असलेली जी मोठी टीका आहे, तिचा कर्ता कोण? तो कोंकणचा शिलाहार राजाच होय. परळच्या लेखांतील राजाच्या पूर्वीं होऊन गेलेला त्याच नांवाचा पहिला अपरादित्य, असें बहुतेक विद्वान् मानितात. म्हणजे ज्या राजकुलानें मातेवरून शिवी देणाऱ्यास पंचवीस पण दंड सांगणाऱ्या स्मृतीवर टीका रचिली, त्याच राजकुलाच्या शासनावर ती शिवी कोरलेली आहे. न्यायासनावर बसून जी गोष्ट गुन्हा ठरविली, ती दान देतांना त्याच घराण्यास उपयोगी वाटली. ही विसंगति नुसत्या ढोंगाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. राजाची तलवार त्याच्या हयातीपुरती. दान मात्र सूर्यचंद्र असेपर्यंत टिकावें अशी इच्छा. आपल्यामागून येणाऱ्या राजांवर, अधिकाऱ्यांवर, गांवच्या दांडग्यांवर मृत राजाची सत्ता कशी चालावी? जेथें त्याचा हात पोंचणार नव्हता, तेथें त्यानें शब्द ठेवून दिला. शिवी ही दुर्बळाचें शस्त्र हें खरेंच आहे. आणि काळापुढें राजाही दुर्बळ असतो, हें गधेगाळीचा दगड आपणांस सांगतो. बेव्हर्ली पार्कमधील घर विकत घेणारा गृहस्थ दस्त नोंदवून, मुद्रांक भरून निश्चिंत होतो. त्याच्या करारनाम्याखालीं कोणास गाळ लिहावी लागत नाहीं, कारण नोंदणीचें कार्यालय व न्यायालय हीं त्याच्यामागें उभीं असतात. जेथें कागदामागें विश्वासाची सत्ता नसते, तेथें शिवी उभी राहते. मोटारीच्या जागेवरून आईचा उद्धार होतो तो याच कारणानें: सभेनें केलेला नियम कोणी पाळील असा भरंवसा तेथें कोणासच नसतो.

परंतु या सर्व व्यवहारांत एक व्यक्ति अशी आहे कीं, तिची विचारपूस कोणीच केली नाहीं. शासन मोडणार पुरुष, दान देणार पुरुष, लेख लिहिणार पुरुष. आणि शिक्षा मात्र त्या पुरुषाच्या मातेस. तिनें वाडी बळकाविली नाहीं, चोवीस द्रम्म बुडविले नाहींत. कांहीं अभ्यासकांचें मत असें आहे कीं, त्या चित्रांतील स्त्री म्हणजे भूमि, आणि गर्दभ म्हणजे वैराण करणारी अवकळा. जो दान मोडील त्याची जमीन नापीक होईल, असा त्याचा गूढार्थ. या मतास आधार देणारा वाक्प्रचार मराठींत आहेच. सतराव्या शतकांत आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें उद्ध्वस्त करून तेथें गाढवाचा नांगर फिरविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे, आणि सर्वनाश करणें या अर्थीं ‘गाढवाचा नांगर फिरविणें’ असें आपण अजून म्हणतों. हा गूढार्थ खरा मानला तरी लेखांतील शब्द ‘माय’ असाच आहे, आणि पाहणारा गांवकरी त्या चित्रांत भूमि पाहत नसून आपली आईच पाहत असे. तिची विटंबना हें पुत्रास घातलेलें कुंपण होय. याचा अर्थ असा कीं, त्या समाजांत मातेस फार मान होता; मान नसता तर शिवी झोंबली नसती. पण तो मान पुत्राच्या मालमत्तेसारखा होता. जें प्रिय असतें तें ओलीस धरलें जातें. आणि ओलीस ठेवलेल्याची संमति कोणी विचारीत नाहीं.

पुढें मुसलमानी अमलांत व नंतर मराठशाहींत गधेगाळीची चाल मागें पडली, तरी तिचें काम कागदावर चालूच राहिलें. त्या काळच्या कित्येक इनामपत्रांच्या शेवटीं, हिंदु असून हें मोडील त्यास गाईची आण व मुसलमान असून मोडील त्यास सुवराची आण, अशा अर्थाची शपथ आढळते. येथें शिवीची शपथ झाली. मोडणाऱ्याची आई सुटली आणि त्याच्या धर्माची मर्यादा पुढें आली. आमच्या मतें ही थोडीबहुत प्रगति होती. कारण आतां भय ज्याचें त्यालाच घातलें जात होतें.

दुसरी एक शिवी अशी आहे कीं, तिला दगडही लागला नाहीं व कागदही लागला नाहीं. माणसाच्या जातीचें नांव हीच शिवी म्हणून वापरणें, हा प्रकार आपल्या समाजांत इतका रुळला कीं, देणाऱ्यास आपण शिवी दिली असें वाटेना. ज्या स्मृतींची वर आम्हीं स्तुति केली, त्यांचा दोषही येथेंच सांगितला पाहिजे. वाक्पारुष्याचा दंड त्यांनीं वर्ण पाहून ठरविला. खालच्यानें वरच्यास बोललें तर दंड वाढे, वरच्यानें खालच्यास बोललें तर तो कमी होई. आणि मनुस्मृतीनें तर द्विजाची कठोर निंदा करणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी असें लिहून ठेविलें. राजाची शिवी दगडावर होती, पण ती कधींतरी विसरली गेली. ही शिवी मात्र पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक हाकेंत नवीन होत राहिली. १९८९ च्या अनुसूचित जाति व जमाति अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें लोकांसमक्ष जातीवरून केलेला अपमान हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला, आणि स्मृतींचा तराजू उलटा धरिला.

शिवीचा केवळ काळा पक्षच मांडणें न्याय्य होणार नाहीं. महानुभाव पंथांत पूज्य असलेले ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु यांच्या, तेराव्या शतकांत लिहिलेल्या चरित्रांत, ते भेटेल त्या बाईबापड्यांस ‘मेली जा’ अशा अर्थाचें बोलतात, आणि ऐकणारीं माणसें तो प्रसाद समजून आनंदित होतात. कोंकणांतील आजी नातवास ‘मेल्या’ म्हणून जवळ ओढते, तिच्या तोंडीं तोच जुना प्रसाद आहे. जेथें प्रेमाची खात्री असते तेथें शिवीचें विष उतरतें. शिमग्याच्या दिवसांतील बोंबेचेंही असेंच आहे. वर्षभर तोंड मिटून असलेल्या गांवास चार दिवस तोंड उघडण्याची ती नेमलेली जागा होती, आणि धुळवड सरली कीं तोंड पुन्हां मिटावें असा संकेत होता. स्त्रियांच्या भांडणांत मात्र एक करुण गोष्ट दिसते. सटवी हा शब्द घ्या. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्रीं येऊन त्याच्या कपाळीं भाग्य लिहिणारी जी षष्ठी देवी, तिचेंच हें नांव. तें शिवी झालें. भवानी ही तर जगदंबा. तिचेंही नांव शिवींत आलें. पति वारल्याचें दुःख जी भोगते, तिच्या त्या अवस्थेचा शब्द हा मराठींतील सर्वांत हलक्या शिव्यांपैकीं एक होऊन बसला. आणि जिला मूल नाहीं तिच्या उणिवेचा शब्दही तसाच. देवी काय, दुःखिता काय, स्त्री म्हटली कीं तिचें नांव शिवीस चालतें. आणि तें उच्चारणारी पुष्कळदां दुसरी स्त्रीच असते, हें अधिकच दुःखद होय.

परळच्या शिळेवर ती गाळ कोरली गेल्यास पुरतीं एकशेंपांच वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच गोदावरीच्या खोऱ्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. दोन्ही लेखांचे शेवट शेजारीं ठेवून पाहावे, असें आम्ही वाचकांस सुचवितों. शिलालेखाच्या शेवटीं दुष्टाचा व त्याच्या मातेचा सूड आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं जें पसायदान आहे, त्यांत दुष्टाचा नाश मागितलेला नाहीं, त्याच्या मनाचा वांकडेपणा तेवढा जावा असें मागितलें आहे. तेराव्या अध्यायांत अहिंसेचें विवरण करितांना ज्ञानदेवांनीं ती चालण्यांत, पाहण्यांत, हातांच्या हालचालींत कशी दिसते हें सांगून, बोलण्यांत ती कशी उतरते याचें वर्णन फार विस्तारानें केलें आहे. कोणास खुपेल असा शब्द ओठांवर येण्यापूर्वींच प्रेम पाझरावें, असा त्याचा भाव. एकाच शतकाच्या अंतरानें एकाच भाषेंत हीं दोन्हीं उद्गारलीं गेलीं. भाषा निर्दोष असते असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. ती बोलणारा जसा असेल तशी होते, एवढें मात्र यावरून दिसतें.

इंग्रजी अमलांत १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें बुद्धिपुरस्सर अपमान हा गुन्हा मानिला, पण शांतताभंग होईल अशा रीतीनें चिथावणी दिली तरच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच कलम ३५२ व्या क्रमांकानें आलें असून दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांस कलम ७९ निराळें आहे. तथापि मोटारीच्या भांडणांत ज्या आईचें नांव घेतलें गेलें, तिची बाजू या कलमांतूनही सहसा पुढें येत नाहीं. कारण कायदा विचारतो कीं, चिथावणी कोणास झाली? ती मुलास झाली. म्हणजे अपमान तिचा, आणि फिर्यादी तो.

या दृष्टीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें एका लहानशा खेड्यानें जें केलें तें आम्हांस इतिहासांत नोंदण्यासारखें वाटतें. अहिल्यानगर जिल्ह्यांत नेवासें तालुक्यांत सौंदाळा नांवाचें गांव आहे. तेथील ग्रामसभेनें असा ठराव केला कीं, जो कोणी आईबहिणीवरून शिवी देईल त्यास पांचशें रुपये दंड करावा. आणि कारण दिलें तें स्त्रियांच्या सन्मानाचें. याज्ञवल्क्यानें पंचवीस पण सांगितले होते, सौंदाळ्यानें पांचशें रुपये सांगितले. रकमेंत नवल नाहीं. नवल आहे तें कारणांत. स्मृतींत अपराध झाला होता तो ज्यास शिवी दिली त्या पुरुषाचा. या ठरावांत अपराध झाला आहे तो जिचें नांव घेतलें तिचा. शिलाहारांच्या शासनानें पुत्राच्या अपराधासाठीं मातेस शिक्षा फर्माविली होती. या गांवानें मातेच्या अपमानासाठीं पुत्रास दंड फर्माविला. आठशें सदतीस वर्षांनीं दगड उलटा फिरला, आणि तोही ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली त्याच तालुक्यांत.

एका ठरावानें लोकांच्या जिभा वळतील असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पंचवीस पणांच्या दंडानें जें बंद झालें नाहीं, तें पांचशें रुपयांनीं एकदम बंद होणार नाहीं. आणि दंड वसूल करणारे हात हेही त्याच गांवचे. परंतु ठरावाचा खरा उपयोग वसुलींत नसून, त्यानें विचारलेल्या प्रश्नांत आहे. तो प्रश्न घराघरांत मुलांस विचारतां येण्यासारखा आहे. खेळतांना मुलाच्या तोंडून तसा शब्द निघाला, तर ‘घाणेरडें बोलूं नये’ एवढें सांगून आपण थांबतों, आणि मूल तो शब्द घराबाहेर वापरण्यास शिकतें. त्याऐवजीं, तुझें भांडण कोणाशीं होतें, आणि शब्द लागला कोणास, असें त्यास शांतपणें विचारावें. राग ज्याचा त्याच्यावरच राहूं द्यावा. जी तेथें उभीही नाहीं तिला त्यांत ओढूं नये. एवढी गोष्ट जरी आपल्या मुलांच्या अंगवळणीं पडली, तरी गधेगाळीच्या चित्रांतील त्या अनामिक स्त्रीची सुटका होण्यास आरंभ झाला, असें आम्ही समजूं.